मंगळवारचे जंगल

ताडोबाचे गाभा क्षेत्र दर मंगळवारी पर्यटकांसाठी बंद असते, हे मला ठाऊक होते. तरीही एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सोमवार आणि बुधवारच्या सफारींचे आरक्षण करून मधला दिवस प्रवेशद्वारालगतच्या मोहर्ली गावात काढण्याची वेळ माझ्यावर आली. आरक्षण मिळेल तसे घ्यावे लागते, एवढेच त्याचे कारण. चंद्रपुरात लहानाचा मोठा झालेल्या माणसाने ताडोबाला जाण्यासाठी संगणकासमोर तारखा धुंडाळत बसावे, याचे मला सुरुवातीला हसू येत असे; आता येत नाही.

मंगळवारी सकाळी प्रवेशद्वाराचा अडसर खाली होता. एरवी पहाटेपासून तिथे सफारीच्या जिप्सी गाड्यांची रांग, थंडीने किंवा उत्साहाने कुडकुडणारे पाहुणे आणि ओळखपत्रे तपासणारे कर्मचारी यांची लगबग असते. त्या दिवशी मात्र गावातली पोरे बनियनवर गाड्या धूत होती. त्यांच्यापैकी एकाने मला पाहताच सवयीने विचारले, ‘‘काल साईटिंग झाली का, सर?’’ साईटिंग म्हणजे वाघ दिसणे. या गावात पूर्वी भेटणाऱ्याला जेवण झाले का असे विचारत असतील. मी ‘झाली’ म्हणालो. पण कालच्या साईटिंगबद्दल आणखी काही सांगावे असे मला वाटत नव्हते.

त्याआधी थोडे जुने सांगितले पाहिजे. १९८० च्या दशकात वडिलांच्या एका मित्राच्या जीपमधून आम्ही ताडोबाला जात असू. तलावाकाठच्या वन विश्रामगृहात एक रात्र, दोन वेळची खिचडी आणि बाकीचा सारा वेळ झाडे पाहण्यात जाई. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी कशी भेगाळलेली असते, चांदण्यात पांढऱ्या फटक खोडाच्या कहांडोळाला भुताचे झाड का म्हणतात, हे वडिलांनी मला तिथेच दाखवले. तलावात खऱ्या मगरीही होत्या. अशा चार खेपा झाल्या आणि चारही खेपांत वाघ दिसला नाही. पण घरी आल्यावर आईने ‘काय पाहिले?’ असे विचारले की आमचे सांगणे तासभर चाले, आणि त्यात वाघ न दिसल्याची तक्रार कुणी केल्याचे मला आठवत नाही. त्या काळाबद्दल मला उगाच उमाळे काढायचे नाहीत. वाघ दिसत नसे याचे एक कारण तो कमी होता, आणि तो कमी असण्याला आमचे साधेपण काही आड आले नव्हते.

ताडोबा हे नाव ज्या तारूवरून आले, तो गोंडांचा एक गावप्रमुख. वाघाशी झालेल्या झुंजीत तो मारला गेला आणि तलावाच्या काठी मोठ्या झाडाखाली त्याचे ठाणे झाले. पौषात तिथे जत्रा भरत असे. वाघाने मारलेल्या माणसाचा देव करणारी ही कल्पना मला नेहमीच विलक्षण वाटत आली आहे. तिच्यात वाघाविषयी द्वेष नाही, आणि मेलेल्या माणसाचा विसरही नाही.

१९५५ साली जाहीर झालेले ताडोबा हे महाराष्ट्रातले सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान. तेव्हा त्याचे क्षेत्र ११६ चौरस किलोमीटरांच्या आसपास होते. १९८६ साली शेजारी अंधारी अभयारण्य झाले, पुढे दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला आणि २०१० साली सभोवतालच्या सुमारे ११०० चौरस किलोमीटर टापूला बफर म्हणून मान्यता मिळाली. आज सारे मिळून क्षेत्र १७०० चौरस किलोमीटरांहून अधिक भरते. महाराष्ट्रातल्या वाघांचा अंदाज २००६ मध्ये १०३ होता, तो २०२२ मध्ये ४४४ झाला, आणि त्या वाढीत चंद्रपूर जिल्ह्याचा वाटा सर्वांत मोठा आहे. म्हणजे ज्या जंगलात चार खेपांत एकदाही वाघ दिसला नव्हता, तिथे आता पहिल्याच फेरीत तो दिसला नाही तर पाहुणे गाईडकडे संशयाने पाहतात.

आता सोमवारची गोष्ट. दुपारच्या फेरीत, जामणीकडून परतताना, समोरून आलेल्या जिप्सीच्या चालकाने आमच्या चालकाला दोन बोटांनी काहीतरी खूण केली. कोअरमध्ये, म्हणजे गाभा क्षेत्रात, मोबाइलला बंदी आहे, बातमीला नाही. आम्ही वळणावर पोचलो तेव्हा सहा गाड्या होत्या, आणि थोड्याच वेळात त्या अठरा झाल्या. मी मोजल्या, कारण मोजण्याखेरीज करण्यासारखे काही नव्हते. वाघीण बांबूच्या बेटापाशी बसली होती. पाणी रस्त्याच्या पलीकडे होते. ती एकदा उठली, चार पावले आली आणि परत बसली. दुसऱ्यांदा उठली तेव्हा गाड्यांच्या रांगेत एकच फट उरली होती आणि तिची मान त्या फटीकडे वळली होती. आमचा चालक फार तरबेज. त्याने नेमक्या त्या फटीत गाडी घातली, आणि मला वाघिणीचा समोरासमोरचा फोटो मिळाला, ज्याला इथे ‘हेड-ऑन’ म्हणतात. सगळ्यांच्या तोंडून एकदम श्वास सुटला. बाहेर आल्यावर मी गाईडला आणि चालकाला पाचपाचशे रुपये दिले, आणि ते मी फार खुशीत दिले हे मला इथे लपवता येणार नाही.

रात्री तो फोटो मोठा करून पाहिला तेव्हा लक्षात आले की ती आमच्याकडे पाहतच नव्हती. तिची नजर आमच्या बॉनेटवरून पलीकडे, पाण्याकडे होती. मागे बांबूत दोन लहान कान दिसत होते. म्हणजे पिल्लेही तहानलेली होती आणि त्यांच्या वाटेत मी उभा होतो, तिकीट काढून.

साधारण दीड-दोन वर्षे वाघीण पिल्लांना सोबत वागवते, आणि तेवढ्या काळात त्यांना माणसाची भीती वाटेनाशी होते. बफरच्या गावकऱ्यांना हे गणित आपल्यापेक्षा चांगले कळते, कारण जिप्सीला न बुजणारे पिल्लू मोठे होऊन कोअरबाहेर निघते तेव्हा ते त्यांच्याच शेताच्या धुऱ्यावर येते. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेतील संशोधकांनी कान्हा आणि बांधवगडमधल्या वाघांच्या विष्ठेचे नमुने तपासले होते. पर्यटनाच्या काळात, आणि गाड्यांच्या संख्येबरोबर, वाघांच्या शरीरातील ताणाशी संबंधित संप्रेरके वाढलेली त्यांना आढळली. तेव्हा गाड्यांसमोर शांत बसलेला वाघ पाहून ‘त्याला सवय झाली आहे’ असे आपण म्हणतो, त्यावर फार विश्वास ठेवू नये.

३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एक वाघीण आणि तिची पाच पिल्ले दोन्ही बाजूंनी जिप्स्यांच्या मध्ये कोंडली गेली. चित्रफीत सर्वत्र फिरली, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, गाईड आणि चालक निलंबित झाले. कारवाई योग्यच होती. पण त्या गाड्यांमध्ये बसलेल्या पाहुण्यांपैकी किती जणांनी ‘गाडी मागे घ्या’ असे म्हटले असेल, हा प्रश्न तेव्हा मला पडला होता. सोमवारनंतर त्याचे उत्तर माझ्यापुरते तरी मला मिळाले आहे.

नियम नाहीत असे नाही. २४ जुलै २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातले पर्यटन अंतरिम आदेशाने थांबवले, आणि ऑक्टोबरच्या मध्यावर राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वे आल्यावर ती बंदी उठली. देशभर त्यावर केवढा गदारोळ झाला! वास्तविक बहुतेक उद्याने त्या महिन्यांत पावसासाठी बंदच असतात. त्या तत्त्वांनी पर्यटन गाभा क्षेत्राच्या २० टक्क्यांपर्यंत मर्यादित ठेवायला सांगितले, वन्यप्राण्यापासून किमान २० मीटर अंतर ठरवले, आणि एका प्राण्यापाशी गाड्यांनी १५ मिनिटांहून अधिक थांबू नये असे म्हटले. उद्यानात किती गाड्या सोडाव्यात हे काढण्याचे सूत्रही त्यांनी दिले. त्या सूत्रात धूळ उडू नये म्हणून दोन गाड्यांमध्ये अर्धा किलोमीटर अंतर गृहीत धरले आहे, म्हणजे एका किलोमीटरमागे दोन गाड्या.

हे सूत्र वाचताना माझ्या डोळ्यांसमोर मण्यांची माळ येते. अर्ध्या-अर्ध्या किलोमीटरवर एकेक गाडी, कुणी पक्षी पाहते आहे, कुणी गव्यांचा कळप, कुणी नुसतेच मोहाच्या झाडाखाली थांबले आहे. प्रत्यक्षात मात्र दोरा तुटावा तशा साऱ्या गाड्या एका पाणवठ्याशी येऊन सांडतात, कारण सगळ्यांना एकच प्राणी पाहायचा असतो. एकूण संख्या सूत्रात बसते, ती अठरा गाड्यांची गर्दी बसत नाही. पर्यटनाचा तोल कसा साधावा यावर चर्चासत्रे होतात तेव्हा बोलणे बहुधा गाड्यांच्या संख्येवर घसरते. दहा कमी करा, दहा वाढवा. माझे मत असे झाले आहे की वाघ दिसण्यावर गाईडची आणि चालकाची कमाई ठरते तोवर गाड्या दहा केल्या तरी दहाच्या दहा त्या एका फटीकडेच धावतील. ती फट माझ्या पाचशेच्या नोटेने बुजवली होती.

मंगळवारी मी हे त्या गाईडपाशी बोललो. तो पस्तिशीतला, बफरमधल्या गावचा, आणि सुट्टीच्या दिवशी आईबरोबर मोह वेचायला निघालेला. ‘‘या ना जी, बसून काय करता,’’ म्हणाला, म्हणून मीही गेलो. वाटेत त्याने माझे म्हणणे पूर्ण ऐकून घेतले आणि मग सांगितले, ‘‘सर, वाघ दाखवला तं पाचशे भेटते. नाही दाखवला तं पाहुना थँक्यूबी म्हनत नाही. जिप्सीवाल्याची किस्त महिन्याला जाते, वाघ दिसो का न दिसो.’’ मी म्हणालो, सगळी बक्षिसी एका पेटीत जमा करून महिन्याच्या शेवटी सर्वांत सारखी वाटली तर? तो हसला. पोरांमध्ये असे बोलणे कधी कधी निघते, पण ज्याला वाघाची नस कळते तो पोरगा तयार होत नाही, असे तो म्हणाला. त्याच्या हसण्यात ‘तो पोरगा मीच’ असेही होते, असे मला वाटले.

मोहाचे दिवस फार थोडे असतात. फुले रात्री गळतात आणि दिवस तापायच्या आत वेचावी लागतात, नाहीतर चितळ, वानर, अस्वल आपला वाटा घेऊन जातात. प्रत्येक घराची झाडे ठरलेली असतात. झाडाखालचा पाचोळा साफ करण्यासाठी काही जण तो पेटवतात, आणि त्यातून उन्हाळ्यातले कितीतरी वणवे लागतात. हे सांगून गाईडच्या आईने आपण मात्र खराट्याने झाडतो असे मला दोनदा बजावले. ती वाकून वेचत होती आणि तिचा मुलगा पाठीमागे उभा राहून चारी बाजूंना पाहत होता. आधी मला वाटले तो आळस करतो आहे. मग कळले की वाकलेले माणूस वाघाला माणसासारखे दिसत नाही, म्हणून एकाने उभे राहायचेच असते. काल खाकी गणवेशात जो वाघ शोधत होता, तो आज आईच्या पाठीमागे वाघ नाही ना हे पाहत होता. डोळे तेच, तितकेच तीक्ष्ण.

पर्यटनाच्या आणि गावाच्या पंचांगाची गाठ इथेच पडते. उन्हाळ्यात पाणी आटते, वाघ पाणवठ्यांवर येतात, म्हणून एप्रिल-मेमध्ये सफारीला मागणी सर्वाधिक. त्याच दिवसांत आधी मोह, मग तेंदूपत्ता. पहाटे गावातून दोन रांगा निघतात, एक जिप्सीतून वाघ दिसावा म्हणून, एक पायी, वाघ दिसू नये म्हणून. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघिणीच्या हल्ल्यात मरण पावल्या. त्याआधी नोव्हेंबर २०२१ मध्ये व्याघ्रगणनेच्या कामासाठी ताडोबाच्या कोअरमध्ये पायी चिन्हे नोंदवणाऱ्या एका महिला वनरक्षकाचा मृत्यू झाला होता. ती वाघीण माया होती. ताडोबात जिचे सर्वाधिक फोटो निघाले असतील अशी, देशभर चाहते असलेली. मायाच्या चाहत्यांना तिच्या प्रत्येक पिल्लाची जन्मकथा पाठ असे. त्या वनरक्षक बाईंचे नाव किती जणांना आठवते, हे मी विचारून पाहिले आहे.

जामणीचेही असेच. कोअरमधली बोटेझरी, नवेगाव, जामणी ही गावे मागच्या काही वर्षांत एकामागून एक बाहेर हलवण्यात आली. जिथे जामणीची शेते होती तिथे आज उंच गवत आहे, गवतात चितळ आहेत, आणि म्हणून वाघ दिसण्याची ती हमखास जागा मानली जाते. गाव उठले हे चूक झाले असे मी म्हणणार नाही. उठलेल्यांपैकी अनेकांना रस्ता, शाळा आणि दवाखान्याजवळ जायचेच होते. पण कुणाच्या तरी बांधावर गाडी उभी करून आपण तिथे निसर्ग पाहतो आहोत, हे गाईडने सांगितल्याशिवाय कळत नाही, आणि पाहुणे विचारत नाहीत म्हणून गाईड सांगत नाही.

पर्यटनाविरुद्ध एवढे लिहिल्यावर त्याच्या बाजूचेही सांगणे भाग आहे, कारण ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. चंद्रपूर हा कोळशाचा जिल्हा. मोहर्लीला लागून पसरलेले इरई धरणाचे पाणीसुद्धा औष्णिक वीजकेंद्रासाठी अडवलेले आहे. ताडोबाजवळच्या लोहारा येथील प्रस्तावित कोळसा खाणीविरुद्ध २००९ साली चंद्रपुरात आंदोलन झाले, उपोषण झाले, आणि तो प्रस्ताव मागे पडला. तेव्हा ताडोबा हे नाव देशाला ठाऊक नसते तर काय झाले असते, याचा विचार केला की जिप्स्यांची धूळ मला जरा कमी खुपते. न पाहिलेल्या जंगलासाठी कुणी सहसा भांडत नाही. शिवाय प्रवेशशुल्काचा पैसा व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठानाकडे जातो आणि त्यातून गावांसाठीही कामे होतात. गाईड म्हणून काम करणाऱ्या गावातल्या मुलींना पाहुण्यांशी ताठ मानेने बोलताना पाहणे, हा माझ्या दृष्टीने वाघाइतकाच देखणा प्रकार आहे. पण गाईडने दाखवलेल्या रिसॉर्टच्या कुंपणांमागची जमीन गावाची होती आणि आज नाही, हेही त्याच फेरीत दिसले. जमीन विकलेल्या घरातला मुलगा त्याच जमिनीवर पाहुण्यांच्या बॅगा उचलतो, तेव्हा त्याला रोजगारनिर्मिती म्हणायला माझी जीभ जरा अडखळते.

शुल्क वाढवून गर्दी कमी करावी असे सुचवणारे पुष्कळ आहेत. मला तो उपाय सोपा आणि अन्यायाचा वाटतो. चंद्रपूर शहरातच अशी कितीतरी घरे आहेत ज्यांच्या मुलांनी ताडोबा पाहिलेले नाही, आणि शुल्क वाढेल तसे ते केवळ बाहेरच्यांचे जंगल होत जाईल. त्यापेक्षा गाड्यांचे मार्ग आधीच ठरवून देऊन एका ठिकाणी पाचाहून अधिक गाड्या जमूच न देणे, गाईडला वाघावर अवलंबून न राहणारे पक्के मानधन देणे, आणि ‘वाघ दिसेल’ असे सूचित करणाऱ्या जाहिराती थांबवणे, हे कटकटीचे असले तरी करून पाहण्याजोगे आहे. पेंच व्याघ्र प्रकल्पाने जानेवारी २०२४ मध्ये देशातले पहिले ‘डार्क स्काय पार्क’ होण्याचा मान मिळवला. तिथे लोक आकाश पाहायला जातात आणि आकाश कुणाची वाट अडवत नाही. बफरमध्ये मात्र नवी दारे उघडली म्हणून कोअरचा भार आपोआप हलका होत नाही, हेही ध्यानात ठेवावे लागेल. २०२४ च्या फेब्रुवारीत तोंडात प्लास्टिकची बाटली धरून चाललेल्या तरुण वाघाची जी चित्रफीत गाजली, ती बफरमधल्या निमढेला-रामदेगी भागातलीच होती.

संध्याकाळी गाईडच्या अंगणात बसलो. दुसऱ्या दिवसाची माझी फेरी होती. मी त्याला म्हणालो की उद्या वाघ दिसला तरी गाडी मागेच ठेवायची, आणि नाही दिसला तरी काल दिले तेवढेच मी देणार. त्याने मान हलवली, पण चेहऱ्यावरून त्याला हे पटले की मी विक्षिप्त ठरलो ते कळले नाही. ‘‘बाकीचे पाच जन काय म्हनतीन?’’ एवढेच तो म्हणाला. गाडीत आम्ही सहा जण असणार होतो, आणि उरलेल्या पाचांनीही पैसे भरले होते. मला उत्तर सुचले नाही.

अंगणात मोहाची फुले वाळत घातली होती आणि त्यांचा जड, गोडसर वास सुटला होता. अंधारू लागले तेव्हा कोअरच्या बाजूने सांबराचा कॉल, वाघाची चाहूल देणारा इशारा, आला, एकदा, मग पुन्हा, मग सलग तीनदा. गाईड बोलता बोलता थांबला. त्याचा हात नकळत खिशातल्या किल्लीकडे गेला, मान त्या दिशेला वळली, आणि तो अर्धवट उठलाही. मग मंगळवार आहे हे त्याच्या लक्षात आले असावे. तो परत खाटेवर टेकला.

‘‘वाघीण पान्यावर आली असन,’’ त्याची आई म्हणाली, आणि मान वर न करता फुले खालीवर करत राहिली.